सुनंदाच्या वाट्याचं घर

बरखेड्यातल्या क्वार्टरांच्या त्या ओळीत सुनंदा पिंपळखुटेला ओळखत नाही असं एकही घर नव्हतं. कुणाचं पोर नाकात वाटाणा घालून बसलं, कुणाच्या स्टोव्हचा भडका झाला, की पहिली हाक तिलाच. ती मूळची वर्ध्याची. नवरा उदय मोठ्या सरकारी कारखान्यात टर्बाइनच्या विभागात होता. लग्न झालं आणि ती थेट भोपाळला, बरखेड्याला, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्येच आली. दोन्ही मुली इथल्याच. आवाज खणखणीत, पायाला भिंगरी, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत स्वतःला चैन नाही आणि दुसऱ्यालाही पडू द्यायची नाही.

जुन्या शहराजवळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून गॅस सुटला त्या रात्री वारा टाउनशिपच्या दिशेने नव्हता. बरखेड्यातली माणसं वाचली ती तेवढ्याने. सकाळी जुन्या शहरातून माणसं येऊ लागली, कम्युनिटी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि सुनंदा तांब्याने त्यांच्या डोळ्यांवर पाणी सोडत बसली. त्यांच्यात एक बाई होती, साधारण तिच्याच वयाची. डोळे सुजून मिटलेले. तिने सुनंदाचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. 'किसी ने बताया ही नहीं, बहन,' ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'किधर जाना है.' ती वाऱ्याबरोबर धावली होती. म्हणजे गॅसच्याच संगतीने.

ते वाक्य सुनंदाच्या डोक्यातून गेलं नाही. वर्ष सरलं तेव्हा तिने ओळीतल्या बायकांना आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली. दुपारी पुरुष कारखान्यात. घरी बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. काही झालंच तर या तिघांचं तिघांनाच बघायचं आहे, हे तिने सगळ्यांच्या गळी उतरवलं. टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना, फायर स्टेशनवरच्या माणसांना गाठून गाठून ती विचारून आली आणि आल्यावर बायकांना शिकवत राहिली. तोंडावर ओला कपडा धरायचा. आधी वारा बघायचा, आणि वाऱ्याला आडवं निघायचं. बाहेर पडणं जमत नसेल तर दारं-खिडक्यांच्या फटींत ओली लुगडी कोंबून आत बसायचं. वारा कळावा म्हणून पाण्याच्या टाकीवर तिने एका जुन्या लाल लुगड्याची लांब पट्टी बांधून घेतली. ती ओळीतल्या कुठल्याही खिडकीतून दिसे.

पहिल्या पहिल्यांदा बायका हसल्या. पण भोपाळात त्या वर्षांत पूर्ण हसणं कुणालाच जमत नव्हतं. हळूहळू सगळ्या येऊ लागल्या.

सुनंदाने सर्वांत जास्त जीव ओतला तो एका गोष्टीत. ओळीत जे स्वतःहून बाहेर पडू शकणार नाहीत, त्यांच्यासाठी एकेक शेजारीण ठरवून टाकायची. सक्सेनाभाभींकडे कोपऱ्यावरचे दृष्टी गेलेले आजोबा आले. कुणाकडे बाळंतीण, कुणाकडे दम्याच्या मावशी. आणि मनोरमाकाकूंचं घर सुनंदाने स्वतःच्या वाट्याला घेतलं.

मनोरमाकाकू घरोटे तिच्या शेजारच्या जिन्याला, वरच्या मजल्यावर राहत. यजमान नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होते. राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर हेही कुटुंब उचलून इकडे आलं. आता काकू विधवा, मुलगा विनायक कारखान्याच्या अकाउंट्समध्ये, सून अलका शाळेत शिक्षिका. दिवसभर काकू एकट्या. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. भिंत धरून खोलीतल्या खोलीत त्या फिरत, पण जिना उतरणं त्यांच्याने होत नव्हतं. जीभ मात्र शाबूत होती.

'मला उचलायला दोघी लागतील, बाई,' त्या सुनंदाला म्हणाल्या होत्या, 'आणि तिसरी माझं तोंड धरायला.'

'मी आणि समोरची वंदना. लाकडी खुर्चीत बसवून आणू तुम्हांला खाली. आणि एकटी असले तरी मी येणारच. काहीतरी करूच.'

'येशील?'

'म्हणजे काय काकू, येणारच.'

हे ती सहज बोलली नव्हती. पुढे या तीन-चार शब्दांनी तिला जेवढं छळलं तेवढं कशानेच छळलं नाही.

मार्चमधली दुपार होती. सुनंदाने अंगणात बाजेवर कुरडया घातल्या होत्या. थोरली नुकतीच शाळेतून आली होती, धाकटी आत झोपलेली. वंदना दोन दिवसांसाठी इंदूरला गेली होती. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून ओरडा आला. आधी शब्द कळले नाहीत. मग एक माणूस सायकल टाकून धावत गेला आणि धावता धावताच म्हणाला, 'गैस निकल गई, भाभीजी, भागो.'

नंतर कळलं ते असं, की टाउनशिपच्या बाहेर एक बर्फाचा कारखाना होता, तिथल्या अमोनियाच्या नळीच्या जोडातली चकती फाटली होती. तिथल्याच माणसांनी ती तासाभरात बंद केली. तिघा-चौघांच्या डोळ्यांची आग झाली, त्याउपर काही नाही. पण त्या क्षणी भोपाळात गॅस या शब्दाला एकच अर्थ होता.

वास आला होता का, हे सुनंदाला पुढे कधीच आठवलं नाही. धाकटीला तिने झोपेतून ओढून काखेत मारलं, थोरलीचं मनगट पकडलं आणि ती रस्त्यावर आली. टाकीकडे तिने पाहिलं नाही. तोंडाला कपडा लावला नाही. समोरून एक टेम्पो भरून चालला होता, त्याच्या मागच्या फळीवरून कुणीतरी हात दिला आणि ती मुलींसकट चढली. टेम्पो होशंगाबाद रोडला लागला आणि शहराबाहेरच्या मिसरोद गावापर्यंत थांबला नाही.

मिसरोदला शाळेच्या पटांगणात माणसंच माणसं उतरली होती. मुली धडधाकट आहेत हे तिने दहादा चाचपून पाहिलं. धाकटी रडून रडून झोपली. तेव्हा कुठे सुनंदाने मान वर केली. समोरून एक जण म्हातारीला पाठुंगळी घेऊन येत होता. म्हातारीचे पाय लोंबत होते, एका पायात मोजा होता.

सुनंदाला आठवलं. काकू.

त्या क्षणी ती उठली असती तर पुढचं पुष्कळसं वेगळं झालं असतं. पटांगणाच्या फाटकाशी एक टेम्पो रिकामा परत निघाला होता. ड्रायव्हरची बायको मागे राहिली होती, तो तिला आणायला निघाला होता आणि विचारत होता, 'कोई चल रहा है?' सुनंदाने ते ऐकलं. शेजारी तिच्या ओळीतली एक बाई बसली होती, मुलींना तिच्यापाशी सोडता आलं असतं. सुनंदा धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. टेम्पो गेला. ती मनाशी म्हणाली, एव्हाना कुणीतरी नेलंच असेल. कुणी, ते तिने स्वतःला विचारलं नाही. ऊन उतरू लागलं, पोलिसांची जीप येऊन काही धोका नाही म्हणून सांगून गेली, आणि मग ती चारचौघांबरोबर परतली.

मुलींना घरात सोडून ती शेजारचा जिना चढली. दार नुसतं लोटलेलं होतं, खालच्या फटीत ओलं लुगडं दाबलेलं. ते ढकलून ती आत गेली. खिडक्यांच्या फटींत टॉवेल, उशीचे अभ्रे, जे हाताला लागलं ते पाण्यात बुडवून कोंबलेलं होतं, सगळं एका हाताने. काकू त्याच लाकडी खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. पायांत चपला होत्या. मांडीवर ओला रुमाल.

'आलीस?' त्या म्हणाल्या. 'पोरी बऱ्या आहेत ना?'

सुनंदाने मान हलवली. मग ती खाली बसून दारातलं लुगडं पिळू लागली. जिन्यावर विनायकची पावलं वाजली तशी ती त्याच्या बाजूने अंग चोरून निघून गेली.

रात्री उदयला तिने सगळं सांगितलं. तो मुलींच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, 'पोरींना घेऊन पळालीस, त्यात काय चुकलं? दुसऱ्या कुणी काय केलं असतं?'

'परत निघालेला टेम्पो होता हो,' ती म्हणाली.

त्याने धाकटीचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी विनायक घरोटे दारात उभा राहिला. हातात संत्र्यांची पिशवी. मितभाषी माणूस, पण त्या दिवशी तो आपणहून बोलला. 'वहिनी, आई म्हणाली, त्या पळापळीतही तुम्ही येऊन गेलात. आतच बसा, खाली नेण्यात धोका आहे, असं तुम्ही सांगितलंत म्हणून ती घाबरली नाही. तुमचे उपकार आहेत.'

सुनंदाने पिशवी घेतली. घ्यायला नको होती, हे पिशवी हातात येत असतानाच तिला कळत होतं. 'अहो, त्यात काय,' एवढंच तिच्या तोंडून गेलं. तो गेल्यावर तिने संत्री टोपलीत ओतली. मुलींनी दोन दिवसांत संपवली. तिच्या घशाखाली एक फोड उतरली नाही.

चार दिवस ती काकूंकडे गेली नाही. ओळीत मात्र तिचा बोलबाला झाला. बायका विहिरीवर जमाव्यात तशा नळावर जमत आणि म्हणत, सुनंदा म्हणजे वाघीण. दोन पोरी काखेत, आणि तरी म्हातारीला विसरली नाही. एकेक शब्द तिला चटका देऊन जाई. पाचव्या दिवशी ती दुपारची वर गेली. काकू रेडिओ ऐकत होत्या.

'काकू, तुम्ही विनायकरावांना तसं का सांगितलंत?'

'कसं?'

'मी येऊन गेले म्हणून.'

काकूंनी डाव्या हाताने रेडिओचा आवाज कमी केला. 'मी खिडकीत होते,' त्या म्हणाल्या. 'तुला टेम्पोत चढताना पाहिलं. थोरलीची चप्पल पडली, ती घ्यायला तू खाली उतरलीस. मला वाटलं, आता वर बघशील. नाही बघितलंस.'

चप्पल उचलल्याचं सुनंदाच्या ध्यानातही नव्हतं. तेवढा वेळ तिच्यापाशी होता तर. तिने पदराने तोंड झाकलं.

'रडू नकोस, मला रडणं सहन होत नाही,' काकू म्हणाल्या. 'तुझी अब्रू राखायला मी खोटं बोलले नाही. विनायकला खरं कळलं असतं तर त्याने मला नागपूरला लेकीकडे धाडलं असतं. मला इथं राहायचंय. राग आहे माझा तुझ्यावर. अजून आहे. तू येणार म्हणालीस म्हणून चपला घालून बसले मी. नंतर टाकीवरची पट्टी बघितली, वारा आपल्याकडून ओरड्याच्या दिशेने होता. म्हटलं, मरायचं नाही आज. मग फटी बुजवल्या. तूच शिकवलेलं.'

'काकू, पुन्हा असं कधी…'

'पुन्हा असंच होईल. लहान पोरं असलेल्या बाईचे पाय पोरांकडेच धावतात. विनायक तुझ्या पोरींएवढा असता तर मीही सासूला टाकून पळाले असते. माझं घर तुझ्याकडून काढ. ज्यांची पोरं मोठी झालीत त्यांना दे. साऱ्या ओळीत तसं कर.'

'बायका विचारतील, का म्हणून.'

'विचारतीलच,' काकू म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओचा आवाज पुन्हा वाढवला.

पुढच्या बैठकीत सुनंदाने आधी पळवाट काढून पाहिली. नियम म्हणून सांगितलं, की जिच्या पदरी लहान मुलं आहेत तिच्याकडे दुसऱ्याचं माणूस ठेवायचं नाही. लगेच कुजबुज झाली. सक्सेनाभाभींना तर ते लागलंच. त्यांचा मुलगा चार वर्षांचा, आणि कोपऱ्यावरच्या आजोबांना त्या दिवशी त्यांनी हाताला धरून बाहेर काढलं होतं.

'और दीदी, आप?' त्या म्हणाल्या. 'आपके भी तो बच्चे हैं. आप अम्माजी के पास गईं कि नहीं? जिसको करना है, वो करता है.'

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनंदाला दिसलं, की काकूंचं ते खोटं आता नियमाच्याच आड येतंय. हा नियम झाला नाही तर पुन्हा कुणीतरी खुर्चीत बसून राहील. कोपऱ्यात काकूंची सून अलका बसली होती, शाळेला सुटी म्हणून आज पहिल्यांदाच आलेली.

'मी गेले नव्हते,' सुनंदा म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. टेम्पो, मिसरोद, परत निघालेला तो रिकामा टेम्पो, सगळं. हिंदीत सांगितलं, मग जिथे शब्द सुचेनात तिथे मराठीत. तिचा खणखणीत आवाज त्या दिवशी इतका बारीक झाला की मागच्या बायका पुढे सरकल्या. सांगून झालं. सक्सेनाभाभी आपल्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. अलका उठली, तिने पर्स उचलली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

नियम झाला. पण त्यानंतर नळावरच्या गप्पा सुनंदा आली की थांबू लागल्या. कुणी वाईट बोललं नाही. पोराच्या नाकात वाटाणा गेला तर आता हाक दुसऱ्या घरी जाऊ लागली, इतकंच. विनायक समोरून आला तर सायकलवरून उतरून हँडल दुरुस्त करत उभा राही, ती पुढे जाईपर्यंत. त्याने तिला शब्दाने दुखावलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

काकूंचं घर वंदनाकडे आणि मागच्या ब्लॉकमधल्या नलिनीबाईंकडे गेलं. वंदनाला अजून मूल नव्हतं, नलिनीबाईंचे मुलगे कॉलेजात होते. काकूंनी हट्ट धरला, नुसतं ठरवून चालणार नाही, मला खरंच खाली नेऊन दाखवा. एका रविवारी ते करून पाहिलं. खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. काकू खुर्चीतूनच सूचना देत होत्या, नलिनीबाई घामाघूम. शेवटी विनायक आणि उदय दोघांनी मिळून खुर्ची सोडवली आणि मग वंदना-नलिनीबाईंनी जाड घोंगडीत बसवून, चार टोकं धरून काकूंना खाली आणलं. ते जमलं. खाली आल्यावर काकूंनी बरेच महिन्यांनी अंगणातली माती पायाने चाचपली.

वंदना सुनंदाजवळ येऊन हळूच म्हणाली, 'ताई, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही गेला असता तरी खुर्ची अडकलीच असती. तुमच्या एकटीने काही झालं नसतं.'

तिने ते चांगुलपणाने म्हटलं होतं. सुनंदाने ते घरी नेलं, रात्रभर उलटून पालटून पाहिलं. खुर्ची अडकली असती हे खरं होतं. पण काकू खुर्चीसाठी दाराकडे तोंड करून बसल्या नव्हत्या.

त्यानंतर सुनंदा रोज दुपारी वर जाऊ लागली. काकूंनी तिला कधी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही. ती त्यांची वेणी घाली, औषध देई, वर्तमानपत्र वाचून दाखवी. मधूनच काकू पूर्वीसारखं काही खोचक बोलत आणि दोघी हसत. त्या दिवसाचा विषय काकूंनी पुन्हा काढला नाही. सुनंदाने एकदा काढायचा प्रयत्न केला तेव्हा त्या म्हणाल्या, 'वाच पुढे.' दोन वर्षांनी एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. तेराव्याला अलकाने सुनंदाला जेवायला वाढलं, आग्रह केला नाही.

उदय निवृत्त झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी मिसरोदच्या एका नव्या वसाहतीत घर घेतलं. शाळेचं ते पटांगण तिथून फार लांब नव्हतं. भाजीला जाताना सुनंदा पलीकडच्या गल्लीने जाई. वसाहतीतल्या मुलींना कुठून तरी कळलं, की या काकूंनी टाउनशिपमध्ये असं काम केलंय. इथेही आसपास कारखाने वाढले होते. त्या बोलवायला आल्या. सुनंदा तयार झाली.

पहिल्या बैठकीत तिने वारा, ओला कपडा, म्हाताऱ्या माणसांची वाटणी हे सगळं सांगितलं, आणि लहान मुलं असलेल्या बाईकडे दुसऱ्याचं माणूस का ठेवायचं नाही, तेही. ते सांगायचं तर बाकीचं टाळता येत नव्हतं. तिने ते दुसऱ्या कुणाच्या नावावर न घालता, स्वतःचं म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांनी हे सोपं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. 

नव्या मुली अस्वस्थ होऊन ऐकत होत्या. त्यांतल्या एकीने, बँकेत नोकरीला असलेल्या, अगदी सरळपणाने विचारलं, 'पण आंटी, तुम्ही परत गेलात ना मग? केव्हा?'

सुनंदाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

'संध्याकाळी,' ती म्हणाली. 'सगळं ठीक आहे असं सांगून पोलीस गेले, त्यानंतर.'